चार महिने बोटीवर: देवगडच्या जोडप्याच्या वर्ल्ड क्रूझसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यातलं निवृत्त जोडपं, काका ६७ वर्षांचे, काकू ६३. जानेवारीत युरोपातून सुटणारी ११८ दिवसांची वर्ल्ड क्रूझ डोळ्यांसमोर आहे. मार्ग पनामा कालवा, पॅसिफिकमधली बेटं, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, मॉरिशस, केप टाउन आणि परत युरोप. काकांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. काकू शाकाहारी आणि त्यांना एसटीत घाट सुरू झाला की गाडी लागते. केबिन कोणती घ्यावी, बंदरावर स्वतः फिरावं की बोटीची टूर घ्यावी, खाण्याचं काय, आणि एवढे दिवस झेपेल का, असं विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. जाहिरातीत बंदरांची यादी ठळक असते, समुद्रातले दिवस कुणी ठळक छापत नाही. तुमच्या मार्गावर निम्म्याहून जास्त दिवस चारी बाजूंना नुसतं पाणी असणार. पनामाहून ताहितीचं अंतर सुमारे ४,५०० सागरी मैल. बोट ताशी १८ मैलांनी चालली तर दिवसाला ४३२ मैल कापते, म्हणजे सलग दहा दिवसांहून जास्त पाणीच पाणी. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केप ऑफ गुड होपला वळसा घातला. त्या वळशाने समुद्रातले दिवस आणखी वाढले. कार्यक्रमपत्रिका हातात घ्या आणि प्रत्येक दिवसापुढे तीन खुणा करा: समुद्रात, धक्क्याला, की नांगरावर. बंदरात किती तास, तेही लिहा. हा कागद तयार झाला की सहल कशी आहे ते खरं कळतं.

पूर्वी दोघं कधी चार रात्रीही बोटीवर राहिला नसाल तर थेट ११८ दिवसांचे पैसे भरू नका. वर्ल्ड क्रूझ तुकड्यांतही विकतात. सिंगापूर ते केप टाउन असा तीनेक आठवड्यांचा तुकडा आधी करा. काकूंना बोट किती लागते, दोघांना एका खोलीत किती करमतं, हे त्यात कळेल. शिवाय जानेवारी ते मे म्हणजे हापूसचा मोहर, फवारण्या, राखण आणि काढणी. बाग स्वतः बघत असाल तर ती कराराने द्यायचं पावसाळ्यातच ठरवावं लागेल. डिसेंबरात माणूस शोधायला गेलात तर मिळणार नाही.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर सगळ्यात जास्त सहली इथेच अडतात. मार्गावरच्या एका जरी देशाचा लागणारा व्हिसा नसेल तर बोटीची कंपनी पहिल्याच बंदरावर तुम्हाला चढू देत नाही. 'आम्ही तिथे उतरणारच नाही' हे उत्तर चालत नाही, कारण आजारपणात तुम्हाला तिथेच उतरवावं लागू शकतं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध हवा आणि पानं भरपूर कोरी हवीत. नूतनीकरण करणारच असाल तर ३६ ऐवजी ६० पानांचं पुस्तक मागा. अमेरिकेचं एखादं बंदर असेल तर त्या व्हिसाची तारीख सगळ्यात आधी घ्या, तिथली रांग मोठी असते. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या एकत्रित व्हिसाचा, अर्ज प्रवेशाच्या सहा महिन्यांहून आधी करता येत नाही, म्हणून तो मागाहून. युरोपात सुरुवातीला आणि शेवटी असे दोनदा शिराल, तेव्हा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीच हवा. आणखी एक फसवी जागा: ताहिती, बोरा बोरा ही बेटं फ्रान्सची असली तरी शेंगेनमध्ये येत नाहीत. फ्रेंच पॉलिनेशियासाठी वेगळा व्हिसा लागतो आणि व्हिसावर त्या प्रदेशाचं नाव यावं लागतं. तो अर्ज शेंगेनबरोबरच मुंबईतून करून टाका. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेचे व्हिसा आपापले वेगळे. मॉरिशस आणि फिजीला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही.

पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस पनामासारख्या बंदरांमुळे मध्ये येते. लसीचं कार्ड ती घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि आता जन्मभर चालतं. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर त्रासाचा धोका वाढतो, अंड्याची ॲलर्जी असेल तर आणखी. त्यामुळे दोघांनीही आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि मगच अधिकृत केंद्रावर जा.

विमा घेताना नुसती रक्कम बघू नका. वर्षभराच्या 'मल्टी ट्रिप' पॉलिसीत एका प्रवासाला दिवसांची मर्यादा असते. ११८ दिवस त्यात बसत नसतील तर निम्म्या वाटेत विमा संपतो. एकाच प्रवासाची, पूर्ण दिवसांची पॉलिसी घ्या. मधुमेह लपवू नका, दावा नाकारायला तेवढंच कारण पुरतं. बोटीवरचा दवाखाना आणि समुद्रातून रुग्ण हलवण्याचा खर्च पॉलिसीत लिहिलेला हवा. बोटीवर कॅशलेस नसतं. बिल डॉलरमध्ये तुमच्या खात्यावर चढतं आणि दावा नंतर करायचा असतो. तिथे डॉक्टर, एक्स-रे, साध्या रक्ततपासण्या, तातडीचे उपचार एवढं मिळतं. त्यापुढचं काही असेल तर पुढच्या बंदरावर उतरवतात आणि जोडीदारही बरोबर उतरतो. म्हणून दोघांकडेही स्वतःचं कार्ड, स्वतःचा चालू फोन आणि पॉलिसीचा नंबर हवा. सगळे व्यवहार काकांच्या एकट्याच्या मोबाइलवर असतील तर परक्या गावच्या दवाखान्यात काकूंचे हात बांधले जातील.

केबिनबद्दल ठाम सांगतो: बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर. बोट सी-सॉच्या फळीसारखी हलते. मध्यभाग कमी हलतो, टोकं जास्त. स्टॅबिलायझरचे पंख डावी-उजवी डुलणं कमी करतात, पुढून-मागून होणारं वरखाली मात्र थांबवत नाहीत, म्हणून पुढच्या टोकाची केबिन काकूंना नकोच. खिडकी नसलेली केबिन चार रात्रींना चालते. चार महिन्यांना नाही. घड्याळ सारखं सरकत असताना उजेड दिसला नाही तर झोपेचं तंत्र बिघडतं. पैशांचा प्रश्न असेल तर वरच्या मजल्यावरच्या, पुढच्या बाल्कनीपेक्षा खालची मधली खिडकीवाली केबिन घ्या. नकाशा बघताना डोक्यावर आणि पायाखाली दुसऱ्या केबिनच आहेत ना, ते तपासा. वर स्वयंपाकघर असेल तर पहाटे चारला ट्रॉल्या घरंगळतात, खाली थिएटर असेल तर रात्री ढोल. न्हाणीघराला उंच उंबरठा असतो, रात्री झोपेत तिथे हमखास ठेच लागते. लहान दिवा लावून झोपा.

बोट लागण्यावर ॲव्होमिनसारखी गोळी चालते, पण त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. बोट मोकळ्या समुद्रात शिरण्याच्या तासभर आधी घ्यायची. या गोळ्यांनी झोप येते, तोंड सुकतं, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेट असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारून ठेवा. पोट रिकामं ठेवायचं नाही. कोरडं बिस्किट, आल्याचा तुकडा, उघड्या डेकवर बसून क्षितिजाकडे नजर. पुस्तक आणि मोबाइल बाजूला. दोन-तीन दिवसांत बहुतेकांचं शरीर सवय करून घेतं.

आता बंदरं. पत्रिकेत 'सकाळी ८ ते संध्याकाळी ५' लिहिलेलं असतं, त्याचे नऊ तास धरू नका. आठला दोर बांधले जातात, मग बंदराचे अधिकारी कागद मंजूर करतात, तोवर साडेआठ-नऊ. परत चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा तास ते तासभर आधी असते. रस्त्यावरच्या खोळंब्यासाठी आणखी एक तास राखून ठेवा. हाती उरतात सहा-सात तास. त्यात एकच जागा नीट बघून होते. तीन बघायला गेलात तर तिन्ही गाडीच्या काचेतून दिसतील.

स्वतः फिरायचं की टूर घ्यायची, हे अंतरावर ठरवा. सिडनीत सर्क्युलर कीच्या धक्क्याला बोट लागली तर ऑपेरा हाउस समोरच, चालत जा. केप टाउनला वॉटरफ्रंटचा परिसर धक्क्याला लागूनच आहे. तिथे टेबल माउंटनवर जायचं असेल तर उतरल्या उतरल्या आधी तेच करा, वारा सुटला की केबल कार बंद होते आणि दुपारी वारा वाढतो. ताहितीतल्या पापीतेचा बाजार धक्क्यापासून पायी अंतरावर. अशा ठिकाणी टूरचे पैसे घालवू नका. पण न्यूझीलंडमधल्या टौरंगाच्या बंदरातून रोटोरुआचे गरम पाण्याचे झरे बघायचे तर गाडीने तासाभराहून जास्त, रोमसाठी चिविताव्हेक्किया बंदरातून ऐंशीएक किलोमीटर. तिथे बोटीचीच टूर घ्या. बोटीच्या टूरची बस उशिरा आली तर बोट थांबते. तुम्ही ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

चुकलीच बोट, तर? रोजच्या छापील पत्रकावर बंदरातल्या एजंटाचं नाव आणि फोन असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या. माणूस आला नाही असं दिसलं की बोटीचे अधिकारी केबिनची तिजोरी उघडून पासपोर्ट एजंटाकडे देतात. पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल सगळं तुमच्या खर्चाने. बहुतेक जण चुकतात ते घड्याळामुळे: मोबाइल किनाऱ्यावरच्या टॉवरची वेळ आपोआप घेतो आणि बोटीची वेळ वेगळी असू शकते. साधं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावून ठेवा आणि तेच बघा.

नांगरावरची बंदरं वेगळी. मुंबई-गोवा बोटीचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना सांगायला नको: बोट बाहेर उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला. तोच प्रकार, फक्त पडावाच्या जागी टेंडर. ही बहुधा बोटीची जीवरक्षक होडीच असते. आधी नंबराचं तिकीट घ्यायचं, नंबर पुकारला की खालच्या दारापाशी जायचं. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी पाठीवर, काठी खलाशाकडे. खलाशी तुमचा पंजा धरत नाही, कोपराखालचा हात धरतो, तुम्हीही त्याचा तिथेच धरा. घामाने पंजा सुटतो, हात सुटत नाही. टेंडर लाटेबरोबर वर येते, क्षणभर टेकल्यासारखी थांबते आणि खाली जाते. वर आलेल्या त्या क्षणी, खलाशाने सांगितलं की, एकच पाऊल. खाली गेलेल्या होडीत उडी मारायची नाही, कारण तेवढ्यात ती वर येते आणि गुडघ्याला मार बसतो. एक पाय इथे, एक पाय तिथे असं तर कधीच थांबायचं नाही. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याला गेलात तर ही सवय होईल. फरक इतकाच की मोकळ्या महासागरातली लाट लांब आणि खोल असते. काकूंनी टेंडरच्या दिवशी साडी नेसू नये, नेसलीच तर निऱ्या वर खोचून पिना लावाव्यात.

लाट मोठी असली की कप्तान टेंडर सोडतच नाही. ईस्टर आयलंडसारखी जागा अशी कित्येकदा हुकते. करारात तसं लिहिलेलं असतं आणि परत मिळतात ते फक्त बंदराचे कर. म्हणून केवळ एका बेटासाठी अख्खी क्रूझ निवडू नका.

आणि प्रत्येक बंदरावर उतरू नका. सलग चार बंदरं असतील तर तिसऱ्या दिवशी बोटीवर थांबा. बोट रिकामी असते, वॉशिंग मशिन मोकळी असतात, पाय विश्रांती घेतात. दोघांपैकी एकाला जायचं असेल तर एकट्याने टूरबरोबर जावं, दुसऱ्याने रुसू नये.

काकांच्या इन्सुलिनकडे येऊ. तुम्ही पश्चिमेकडे जाताय, म्हणून घड्याळ दर थोड्या दिवसांनी एक तास मागे जाईल आणि तो दिवस २५ तासांचा होईल. असं चोवीसेक वेळा होतं आणि त्याच्या बदल्यात आंतरराष्ट्रीय वाररेषेवर एक तारीख गळते: सोमवारी झोपलात की उठता बुधवारी. तारीख गळली म्हणून डोस गळत नाही. रात्र नेहमीएवढीच असते, इंजेक्शन तासांच्या हिशोबाने जसं यायचं तसंच येतं. वारांची नावं असलेल्या गोळ्यांच्या डबीत मंगळवारचा कप्पा भरलेला राहील. तो बघून 'डोस राहिला' समजून कुणी जादा गोळी घेऊ नये. त्या आठवड्यात मंगळवारचा कप्पा आधीच रिकामा ठेवा. विमानाने एकदम काही तासांची उडी बसते, ती युरोपला जाताना आणि तिथून परतताना. तेव्हाच्या डोसचं वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. केबिनमधला छोटा फ्रिज भरवशाचा नसतो, कधी नुसता गार, कधी मागच्या बाजूला बर्फ. बुकिंग करतानाच औषधासाठी फ्रिज हवा असं लेखी कळवा आणि सुयांसाठी डबा मागा. सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या तर साफ करणाऱ्याच्या बोटात घुसतात. औषधं ११८ दिवसांची अधिक महिनाभराची, मूळ पाकिटांतच, दोन बॅगांत विभागून. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं हवीत, कारण इथला ब्रँड बाहेर कुणी ओळखत नाही. बंदरावर नेहमीपेक्षा दुप्पट चालणं होतं, साखर उतरते. ग्लुकोज खिशात असू द्या, पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी नको.

खाण्याचं. नुसतं 'शाकाहारी' सांगितलं तर अंडं येतं, कधी सूपमध्ये माशाचा अर्क. 'भारतीय शाकाहारी, अंडं नाही' असं बुकिंगलाच लिहा आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वेटरला भेटून आदल्या दिवशी पुढच्या जेवणाची ऑर्डर द्यायची पद्धत लावून घ्या. बोटींवर गोव्याचे, मुंबईचे पुष्कळ लोक कामाला असतात, सांगितलं तर डाळ-भात मिळतो. एकादशीला साबुदाणा मिळणार नाही. फळं, दही, उकडलेले बटाटे मिळतात. संकष्टीला पंचांगातला चंद्रोदय आपल्याकडचा असतो, तिथे डेकवर जाऊन चंद्र बघूनच सोडा.

घरून काय न्यायचं यात फार चुका होतात. दूध-मांसाचे पदार्थ भारतातून युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे गेले. मेतकूट, लसणाची चटणी, लोणचं कारखान्याच्या बंद पाकिटात न्या. ती पाकिटं केबिनमध्येच राहू द्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला फळ, बी, मसाला काहीही खाली न्यायचं नाही. बुफेवरचं एक सफरचंद पिशवीत राहिलं तरी न्यूझीलंडमध्ये ४०० डॉलरचा जागच्या जागी दंड. अनारशांवर खसखस असते, आणि सिंगापूरला खसखशीवर बंदी आहे. तंबाखू मळणाऱ्यांनीही ती सिंगापूरला विसरावी. निरांजन, उदबत्ती, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड केबिनमध्ये चालत नाही, कारण बोटीवर आगीएवढं भय कशाचंच नसतं. देवापुढे बॅटरीचा दिवा ठेवा. पहिल्या दिवशीची सुरक्षा कवायत मन लावून करा: सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की लाइफ जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी.

जुलाब-उलट्यांची साथ बोटीवर झटकन पसरते. सॅनिटायझरने तो विषाणू जात नाही, साबण लावून वीस सेकंद हात धुवावे लागतात. बुफेचा चमचा आपल्या आधी शंभर जणांनी धरलेला असतो, म्हणून ताट भरून झाल्यावर, जेवायला बसण्याआधी हात धुवा.

पैशांत एक खर्च लोक विसरतात: रोजची सेवा-आकारणी. माणशी दिवसाला १६ डॉलर धरले तर दोघांचे ११८ दिवसांचे ३,७७६ डॉलर. तिकिटात आहे का, आधी विचारा. टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, आकारला जातो, तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. समुद्रात मोबाइल विमान मोडवरच ठेवा, जहाजाच्या नेटवर्कचं बिल भयंकर येतं. ओटीपीसाठी रोमिंग निघण्याआधी सुरू करा आणि सिमचं रिचार्ज लांब मुदतीचं मारा.

दोघांच्या सहवासाबद्दल एवढंच: समुद्रातल्या दिवसांना वेळापत्रक लावा. सकाळी डेकवर फेऱ्या, मग दोन तास वेगवेगळे, एक जण वाचनालयात, एक जण एखाद्या वर्गाला, जेवायला एकत्र. जेवायला आठ जणांचं टेबल मागा, दोघांचं नको. रोज तोंडासमोर तोंड आणि त्याच त्या गप्पा, यात तिसऱ्या आठवड्यात चिडचिड सुरू होते. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालतं, टेबलावर निम्म्या लोकांचं तसंच असतं.

निघताना विमान बोटीच्या किमान दोन दिवस आधीचं घ्या. परत याल ते मे महिन्यात, मिरगाआधी शाकारणीची घाई असताना. इतके दिवस पाण्यावर राहिल्यावर घरची जमीन काही दिवस पायाखाली डुलते. तोपर्यंत माळ्यावर किंवा कौलांवर स्वतः चढू नका, आणि विहिरीवर पाणी काढायला दुसऱ्या कुणाला पाठवा.